भैरवीने सुरू झालेली मैफल

मिरजेत वाढलेल्या माणसाला संगीताविषयी थोडासा अहंकार असतोच आणि तो माझ्यातही होता, हे आधीच कबूल करते. आमच्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे तंबोरे घडत असत. मीरासाहेब दर्ग्यात खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांच्या स्मरणार्थ होणाऱ्या संगीतसभेला मी आजीच्या मांडीवर बसून गेलेली आहे, आणि पुढे गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा देत विशारदपर्यंतही पोहोचले. त्यामुळे गेल्या डिसेंबरात भावाकडे चेन्नईला जायचे ठरले, तेव्हा ‘तिकडचा सीझन ऐकून येते’ असे मैत्रिणींना सांगताना, गाणे कुठलेही असले तरी ऐकणे आपल्याला येतेच, हे मी धरूनच चालले होते.

भाऊ मैलापूरला भाड्याने राहतो. घरमालकीणबाई खालच्या मजल्यावर असतात आणि सगळी इमारत त्यांना मामी म्हणते. तमिळ घरांत वडीलधाऱ्या बाईला असे म्हणण्याची रीत आहे, त्यासाठी मामा असावा लागत नाही. यजमानांच्या रेल्वेतल्या नोकरीमुळे मामींची बावीस वर्षे माटुंग्याला गेली, त्यामुळे त्यांची हिंदी उत्तम आणि मराठी भाजीबाजारापुरती आहे. षण्मुखानंद सभागृहातल्या मैफलींच्या आठवणी त्या अजून सांगतात, पण ‘तिथे कॉफी बरी होती’ एवढ्याच प्रमाणपत्रावर थांबतात.

चेन्नईतला कर्नाटक संगीताचा हा सीझन मार्गळी महिन्यात, म्हणजे साधारण डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत चालतो. १९२७ च्या डिसेंबरात मद्रासला काँग्रेसचे अधिवेशन भरले, त्याला जोडून एक संगीत परिषद झाली, तिच्यातून १९२८ मध्ये म्युझिक अकादमी उभी राहिली, आणि वर्षअखेरीस परिषद व मैफली भरवण्याचा तिचा परिपाठ हळूहळू साऱ्या शहराचा होऊन गेला. आता मैलापूर, त्यागरायनगर, रॉयपेट्टा या भागांत एका दिवशी इतक्या ठिकाणी गाणी असतात की, सगळ्या सभांची, म्हणजे मैफली भरवणाऱ्या संस्थांची, वेळापत्रके एकत्र छापलेली पुस्तिका हाती असल्याशिवाय माणूस गोंधळून जातो. सकाळी सप्रयोग व्याख्याने, दुपारी नव्या कलावंतांचे गाणे, बहुतेक ठिकाणी विनामूल्य, आणि संध्याकाळी नामवंतांच्या तिकिटाच्या मैफली, असा दिवसाचा क्रम असतो. मैफलीला तिकडे कच्चेरी म्हणतात. शब्द आपल्या कचेरीचाच, पण इथे दाखले मिळत नाहीत.

मामींनी सांगितले होते, की आधी त्यांच्याकडे बसून थोडे समजून घ्यावे आणि मग जावे. मी हसून मान हलवली आणि दुसऱ्याच दिवशी दुपारी एकटीच जवळच्या एका सभेत जाऊन बसले.

तिथे पंचवीस-तीस श्रोते होते आणि व्यासपीठावर विशीतला एक मुलगा गात होता. मी आपली गाणे ‘सुरू’ होण्याची वाट पाहत राहिले. आपल्याकडे गवई आधी स्वर लावतो, षड्जाभोवती घुटमळतो, विलंबित एकतालातला ख्याल हळूहळू उलगडत जातो, आणि श्रोत्याला आसन जमवायला निदान दहा मिनिटे मिळतात. इथे पहिल्याच रचनेला मृदंग भरधाव सुटलेला आणि शब्द एकामागून एक येणारे. मी राग जुळवते आहे तोवर ती रचना संपलीसुद्धा. दुसरी सुरू झाली तेव्हा भूप ओळखला, तिकडे त्याला मोहनम् म्हणतात, आणि मला हायसे वाटले. पण तो भूप एका जागी उभा राहीना. आपण गंधारावर विसावतो, तिथे तो मुलगा गंधार हेलकावत ठेवत होता, आणि मला ते स्वर न लागल्यासारखे वाटत राहिले. दीड तासाने मृदंगवादकाने एकट्याने वाजवायला सुरुवात केली आणि बरेच लोक उठून बाहेर निघाले. मध्यंतर झाले असे समजून मीही उठले, उपाहारगृहात रवा डोसा खाल्ला, पितळी डबऱ्यातली कॉफी सावकाश प्यायले, आणि परत आले तेव्हा गायक शेवटचे मंगल म्हणत होता.

संध्याकाळी हे ऐकून मामी इतक्या हसल्या की, त्यांना झोपाळा पायाने थांबवावा लागला. कच्चेरीला मध्यंतर नसते. मृदंगाचे ते एकट्याचे वादन म्हणजे तनी आवर्तनम्, मुख्य रचनेचाच भाग. ज्यांना त्यात रस नसतो ते त्या वेळी कॉफीला जातात आणि तिथे त्यांना तसलीच माणसे भेटतात. ‘तू त्यांच्यात गेलीस,’ एवढेच त्या म्हणाल्या, पण ते मला लागले.

दुसऱ्या दिवशी दुपारी झोपाळ्यावर बसून त्यांनी मला काय शिकवले, तर फक्त हात. रागांविषयी त्या चकार शब्द बोलल्या नाहीत. मांडीवर उजव्या हाताची थाप, मग करंगळी, अनामिका आणि मधले बोट क्रमाने टेकवायचे; त्यानंतर थाप आणि हात उताणा, पुन्हा थाप आणि हात उताणा. असे आठ झाले की आदितालाचे एक आवर्तन पूर्ण झाले. मी पाहताच म्हटले, हा तर निम्मा तीनताल, आणि उताणा हात म्हणजे ‘खाली’, तालातला टाळीविना जाणारा भाग. मामींनी मान हलवली. खाली वगैरे इथे काही नाही, फक्त मोजायचे. आणि मुख्य म्हणजे, रचनेची ओळ समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, सुरू होईलच असे धरून बसायचे नाही. पुष्कळ कृती, म्हणजे तिकडच्या बंदिशी, समेनंतर अर्ध्या किंवा दीड मात्रेने उचलतात. त्या जागेला एडुप्पु म्हणतात, आणि गायकाचे, वादकांचे सगळे हिशेब सम सोडून तिथे येऊन मिळतात. आपला मुखडा समेकडे जातो, समेला भेटला की आपण ‘वा’ म्हणतो. इथे हात समेवर पडून गेलेला असतो आणि गाणे त्यानंतर निघते. आदल्या दिवशी मी प्रत्येक वेळी अर्धी मात्रा आधी मान हलवत होते, हे तेव्हा माझ्या ध्यानात आले आणि शेजारचे आजोबा माझ्याकडे वळून का पाहत होते, तेही कळले.

संध्याकाळच्या मैफलीसाठी सकाळीच खिडकीपुढे रांगेत उभी राहिले. पुढे वर्षानुवर्षे तिकीट घेणाऱ्यांच्या जागा ठरलेल्या असतात; मला मागून तिसऱ्या ओळीतली जागा मिळाली. मामींची खुर्ची पुढे पाचव्या ओळीत, हक्काची, पण माझ्या शेजारचे गृहस्थ आले नाहीत म्हणून त्या ती सोडून मागे येऊन बसल्या. त्यांच्या पिशवीत पाण्याची बाटली, शाल आणि एक जुनी वही होती. वहीत तारीख, सभा, कलावंत आणि त्याखाली गायलेल्या प्रत्येक रचनेचा राग व ताल, अशा कित्येक वर्षांच्या नोंदी. सभागृहात अशा वह्या आणखीही काहींच्या मांडीवर दिसल्या, आणि रचनेच्या पहिल्या शब्दावरून राग शोधून काढायची छोटी पुस्तके तर बऱ्याच जणांकडे होती.

पडदा वर गेला तेव्हा मध्ये गायिका, एका बाजूला व्हायोलिन, दुसऱ्या बाजूला मृदंग आणि मागे घटम्, म्हणजे मडके, वाजवणारे होते. गायिकेच्या पाठीशी एक मुलगी तंबोरा घेऊन बसली होती. तो मिरजेचा नव्हे, हे लांबूनच कळले. आपल्या तंबोऱ्याला पंढरपूरकडचा भोपळा लागतो, तंजावरचा तंबोरा फणसाच्या लाकडात कोरलेला असतो आणि त्याचे पोट लहान असते. गायिकेचा स्वर पेटीवरची पांढरी पाच. मी स्वतः काळी चारमध्ये गाते, त्यामुळे आधार ओळखीचा वाटला. मृदंगवादकाने वाटीतल्या ओल्या रव्याचा गोळा डाव्या तोंडावर थापला तेव्हा तर मला आमच्या भजनी मंडळाचे बुवा आठवले. पखवाजाला आपण कणीक लावतो आणि हे लोक रवा, एवढाच फरक.

मग पहिली रचना सुरू झाली आणि मामींनी वहीत ‘भैरवी’ असे लिहिले. मी चकित झाले. आपल्याकडे भैरवी झाली की चपला शोधायच्या असतात. ऐकते तर ती आपली भैरवी नव्हतीच. चढताना शुद्ध ऋषभ, धैवत दोन्ही प्रकारचे, चेहरा काहीसा आसावरीच्या घरातला. ही रचना म्हणजे पच्चिमिरियम् आदिअप्पय्यांचा ‘विरिबोणि’ हा वर्णम्, आणि हे आदिअप्पय्या तंजावरच्या मराठा दरबारातले. वर्णम् हा गळा तापवण्याचा प्रकार आहे आणि तो अट्ट तालात, म्हणजे चौदा मात्रांत होता. माझ्या हाताने दोन आवर्तने मोजली, तिसऱ्यात बोटे अडकली, आणि मी हात मांडीखाली लपवला. मामींनी तो बाहेर काढून पुन्हा मांडीवर ठेवला.

कच्चेरीचा आजचा साचा, म्हणजे आधी वर्णम्, मग वेगवेगळ्या लयींच्या आणि रचनाकारांच्या काही कृती, मध्यावर सविस्तर मुख्य रचना आणि शेवटी हलकी पदे, हा अरियक्कुडी रामानुज अय्यंगार (१८९०–१९६७) यांनी रूढ केला असे मानतात. आपल्याकडे एका रागात तासभर राहिलेला गवई मोठा. इथे अडीच तासांत आठ-नऊ राग येतात आणि प्रत्येकाची निवड मागच्याच्या तोलाने केलेली असते, हे मला हळूहळू उमगत गेले. जेवणात नुसती पुरणपोळी कितीही उत्तम असली तरी ताट म्हणजे वेगळी गोष्ट.

वर्णमनंतर मुत्तुस्वामी दीक्षितर या थोर रचनाकाराचे ‘वातापि गणपतिम्’ आले, हंसध्वनीत. हा राग उत्तरेने दक्षिणेकडूनच घेतलेला असल्यामुळे इथे मी घरी होते. एकच ओळ ती फिरून फिरून गात होती आणि दर वेळी तिच्यात थोडी भर पडत होती. या वाढत्या पायऱ्यांना संगती म्हणतात. त्या तयार करून पाठ केलेल्या असतात, आयत्या वेळी सुचलेल्या नसतात. आपल्याला हे ऐकून जरा कमीपणा वाटण्याचा संभव असतो. मला तसा तो वाटला, खोटे कशाला सांगू. पण आठ मात्रांत हात ठेवून ऐकताना दिसले की, ओळ लांबत नाही. तेवढ्याच जागेत अधिकाधिक मावत जाते. पैठणीचे नक्षीकाम ठरलेले असते म्हणून कुणी विणणाराला नावे ठेवत नाही.

त्यानंतर तितकेच थोर रचनाकार त्यागराज यांची ‘बंटुरीति’ ही हंसनादम् रागातली कृती, छोटी आणि चपळ. रामाला ते म्हणतात की, मला तुझ्या दारी शिपायाची चाकरी दे. अंगावरचे रोमांच हे माझे चिलखत, रामभक्त ही माझी मुद्रा, रामनाम हे माझे खड्ग. त्या तेलुगू ओळीतला ‘मुद्रबिल्ल’ हा शब्द कानावर आला आणि मी एकदम सावरून बसले, कारण आमच्या कचेरीतल्या शिपायाच्या छातीवरचाही बिल्लाच. भाषा येत नसताना ऐकण्याचा हा एक लहानसा लाभ आहे, ओळखीचा शब्द भेटला की तो फार मोठा वाटतो.

मधल्या एका संथ कृतीविषयी मला विशेष सांगता येणार नाही. दीक्षितरांची ‘अन्नपूर्णे विशालाक्षि’, राग साम. मामींचे डोळे मिटलेले होते आणि माझे लक्ष आसपासच्या लोकांकडे गेले होते. गायिकेने एखादी जागा सुंदर घेतली की माझ्या मागचे गृहस्थ जिभेने ‘च् च्’ असा आवाज करून मान हलवत. आपण हा आवाज कुणाचे नुकसान झाले की काढतो. पहिल्यांदा मला वाटले, गायिकेचे काही चुकले की काय. मग कळले की ती दाद आहे, आणि ‘सबाष्’ म्हणजे आपली शाबासकीच तमिळ उच्चारात.

मुख्य रचनेसाठी तिने कल्याणी घेतला. कल्याणी म्हणजे आपला यमन, असे पुस्तकात वाचलेले असते आणि ते स्वरांपुरते खरेही आहे. ‘त द री न’ अशा अक्षरांत आलाप सुरू झाला आणि तालाला सुट्टी मिळाल्यामुळे माझा हात मोकळा झाला. मंद्रातला निषाद, मग ऋषभाला ओझरते शिवून गंधार. गंधारावर आपण थांबतो, तो स्वर न हलता उभा राहिला की सभागृह शांत होते, यमनाची सारी पुण्याई त्या थांबण्यात असते. इथे गंधार थांबला नाही. तो मध्यमाला टेकून परत येत होता, पुन्हा टेकत होता, पणतीची ज्योत वाऱ्याच्या झुळकेने डोलते तसा; परंतु ज्योत वातीवरून सरकत नाही आणि तोही आपली जागा सोडत नव्हता. आदल्या दिवशी ज्याला मी न लागलेला स्वर म्हणत होते, ते हेच होते. तो हेलकावा म्हणजेच इथला स्वर, त्याला स्थिर करा आणि कल्याणी नाहीशी होते. मी मनात यमनाचा गंधार धरून तिच्या गंधाराशी ताडत बसले होते, तो नाद साधारण पाचव्या-सहाव्या मिनिटाला सुटला. पूर्ण सुटला असे नाही म्हणणार, पण पकड ढिली झाली.

व्हायोलिन तिच्या मागोमाग सावलीसारखे येत होते, तिचा स्वरवाक्यांश संपता संपता त्याची शेपटी धरून. मग ती थांबली आणि वादकाने स्वतःचा कल्याणी मांडला. घोट्यावर टेकवलेले ते परदेशी वाद्य कर्नाटक गाण्यात आणणाऱ्यांत दीक्षितरांचे धाकटे बंधू बालुस्वामी यांचे नाव घेतात. मद्रासच्या इंग्रजी बँडवाल्यांच्या सहवासातून ते आले आणि तंजावरला मराठा राजे सरफोजी यांच्या पदरी असलेल्या कलावंतांनी ते आपलेसे केले. आज तो गज ऐकताना हे वाद्य बाहेरून आले आहे, याची आठवण मुद्दाम करावी लागते.

आणि मग कृती: ‘निधि चाल सुखमा’. मनाला विचारलेला प्रश्न आहे हा, की खरे सांग, धनात जास्त सुख आहे की रामाच्या सान्निध्यातल्या सेवेत? कृती मला नावाने ठाऊक होती, कारण तिच्याशी जोडलेली कथा ठाऊक होती. तंजावरच्या राजाने त्यागराजांना दरबारी बोलावले, द्रव्य पाठवले, आणि तिरुवैयारूच्या त्या रामभक्ताने ते नाकारून हे पद गायले, असे सांगतात. राजा म्हणून सरफोजीराजांचे नाव घेतले जाते. इतिहास म्हणून ही कथा किती टिकेल हा प्रश्न निराळा, पण मैफलीत ती प्रत्येकाच्या मनात असते. त्यागराजांच्या हयातीत (१७६७–१८४७) तंजावरच्या गादीवर भोसलेच होते. तेव्हा पाचशे-सहाशे तमिळ श्रोत्यांत बसलेली मी, सरस्वती महाल ग्रंथालयासाठी सरफोजीराजांचा अभिमान बाळगणारी, नकार दिला गेलेल्या पक्षाची होते. आणि नकार फार सुरेल होता.

ताल मिश्रचापु, सात मात्रांचा. तीन-दोन-दोन, म्हणजे आपल्या रूपकाचेच माप. इथे मला मार्गदर्शनाची गरज नाही अशा थाटात मी हात ठेवला. चरणातल्या शेवटच्या भागातल्या ‘ममता बंधन युत नरस्तुति सुखमा’ या ओळीवर ती थांबली आणि निरवल सुरू झाले. ममतेच्या बंधनात जखडलेल्या माणसाची स्तुती करण्यात सुख आहे काय, एवढाच त्या ओळीचा अर्थ. निरवलमध्ये तेच शब्द, त्याच तालाच्या चौकटीत, पण दर वेळी नव्या स्वरांत मांडायचे असतात. आपल्या बोलआलापाची ही बहीण, मात्र अधिक शिस्तीची, कारण शब्दांच्या जागा आवर्तनात फारशा सरकू देत नाहीत. ‘ममता’ हा शब्द खालच्या सप्तकात आला तेव्हा कुरवाळल्यासारखा होता. पुढच्या खेपेला तोच तारसप्तकाच्या षड्जाजवळ, जाब विचारल्यासारखा. ‘नरस्तुति’ हा शब्द तर एकदा तिने अशा उतरत्या स्वरात टाकला की, माझ्या मागच्या गृहस्थांचे ‘च् च्’ माझ्याही तोंडून बाहेर पडले.

ती दुपटीत गेली, आणि मग शब्दांच्या जागी सरगम आली. कल्पनास्वर. हे मात्र आयत्या वेळचे. स्वरांचा एक झोत यायचा आणि ‘ममता’च्या पहिल्या अक्षरावर अचूक येऊन टेकायचा, तिने टेकवला की तसाच व्हायोलिनने टेकवायचा. झोत आधी अर्ध्या आवर्तनाचे, मग एक, दोन, चार. आमच्या अब्दुल करीम खाँसाहेबांना सरगमेचा हा नाद दक्षिणेच्या फेऱ्यांतूनच लागला, असे मिरजेत लहानपणापासून ऐकले होते. १९३७ मध्ये मद्रासहून पाँडिचेरीला जाताना सिंगपेरुमाळकोइल नावाच्या छोट्या रेल्वे स्टेशनावर त्यांनी देह ठेवला. चेंगलपट्टूच्या बाजूला लोकल गाडीने जाताना ते स्टेशन लागते; भावाबरोबर एकदा मी ते खिडकीतून पाहिले, तेव्हा फलाटावर एक माणूस पेरू विकत होता.

शेवटचा लांबलचक झोत टेकला, टाळ्या झाल्या, गायिकेने मृदंगवादकाकडे पाहून हात केला आणि सभागृहातल्या चाळीस-पन्नास खुर्च्या एकदम वाजल्या. कॉफीवाले निघाले. मी खुर्चीचे हात घट्ट धरून बसले.

तनी आवर्तनमात मृदंग आणि घटम् आळीपाळीने वाजतात. मृदंग एक लांब मांडणी करतो, मडके तिला उत्तर देते. मग दोघांच्या पाळ्या आखूड होत जातात, चार आवर्तने, दोन, एक, आणि शेवटी प्रश्नोत्तरे इतकी जवळ येतात की कोण वाजवते आहे हे हाताकडे पाहूनच कळावे. हा सारा वेळ गायिका मांडीवर सात मोजत बसलेली असते, ताल तिच्या हातात असतो. निम्मे सभागृह तेच करत होते. माझा रूपक मला पहिल्या दोन मिनिटांतच सोडून गेला. सातच मात्रा, पण त्यांच्या आत वादक पाचाचे तुकडे भरत होता, नवाचे भरत होता, आणि माझा हात मृदंगाच्या मागे धावू लागला. मामींनी माझ्याकडे न पाहता त्यांचा हात माझ्या मनगटावर ठेवला आणि त्यांच्या थापेने माझा हात खालीवर होऊ लागला. कानाने मृदंग ऐकायचा आणि हाताने त्याचे ऐकायचे नाही, हे मला या वयात शिकावे लागत होते. शेवटी दोन्ही वाद्ये एकत्र आली, एकच आकृती तीनदा वाजली, जिला कोर्वै म्हणतात, आणि मला खात्री होती की यावेळी मी बरोबर पोहोचणार. मामींनी हात काढून घेतला होता. मी थाप मारली ती एक मात्रा आधी. सगळ्या सभागृहाची थाप माझ्यानंतर पडली आणि त्याच क्षणी गायिकेने ‘निधि चाल’ उचलले. मामी तोंडावर पदर धरून हसत होत्या.

त्यानंतरच्या भागाला तुक्कडा म्हणतात, आणि तो आपला तुकडाच आहे. मार्गळी असल्यामुळे आधी आंडाळ या तमिळ संत कवयित्रीच्या तिरुप्पावैतले एक पद झाले. तीस पदे आहेत आणि या महिन्यात घरोघरी रोज एक म्हणतात, त्यामुळे बायका ओठांनी साथ देत होत्या. मग गायिकेने व्हायोलिनकडे वळून काहीतरी सांगितले आणि सुरू झाला तो नामदेवांचा अभंग. तंजावरच्या मराठी राज्याबरोबर कीर्तन आणि अभंग त्या मुलखात गेले आणि तिथल्या भजनसंप्रदायाने ते ठेवून घेतले, हे मी वाचले होते. तरीही कर्नाटक मैफलीच्या अडीचाव्या तासाला, मृदंगाच्या लयीत, ‘विट्टल’ असा उच्चार ऐकून घशात काहीतरी आले. ठकाराचे टकार झाले होते, दोन ठिकाणी प्रत्यय गळले होते. ळ मात्र खणखणीत होता, तो त्यांच्याही भाषेत आहे. टाळ्यांनी ठेका धरला. या एका रचनेला माझा हात कुणी धरावा लागला नाही.

सौराष्ट्रम् रागातले त्यागराजांचे मंगल झाले आणि लोक उभे राहिले. बाहेर उपाहारगृह बंद होत आले होते. शेवटच्या दोन कॉफ्या मिळाल्या. बाकावर बसून मामी वही पूर्ण करत होत्या. अभंगासमोर त्यांनी ‘सिंधुभैरवी’ लिहिले आणि त्या अभंगाचा अर्थ विचारला. इतकी वर्षे त्या तो ऐकत होत्या आणि ‘विट्टल’ सोडून त्यातले काही त्यांना ठाऊक नव्हते. मी ओळ ओळ करून सांगितले, त्यांनी ते तमिळमध्ये थोडक्यात टिपून घेतले. मग मी सहज म्हटले की, मामी, या रागाला आमच्याकडे भैरवी म्हणतात, आणि मैफल संपली हे त्याच्यावरूनच कळते.

मामींनी पान वरपर्यंत नजरेखालून घातले. पहिल्या ओळीवर त्यांच्याच हातचे ‘भैरवी’ होते. थोडा विचार करून त्यांनी शेवटच्या नोंदीपुढे कंसात काहीतरी लिहिले आणि मला वाचून दाखवले: मिरजेत ही भैरवी.